जमवलेला निधी संशोधनाला द्यावा की साखर तपासायच्या पट्ट्यांना? (टाइप १ मधुमेह)

कुंदकळी

नमस्कार मंडळी. घरातला एक वाद तुमच्यापुढे ठेवते आहे.

तीन वर्षांपूर्वी कोजागरीच्या आसपास माझ्या लेकीला टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं. तेव्हा ती सहा वर्षांची होती. कळलं तेही उशिराच. पंधरा दिवस ती रात्री उठून उठून पाणी पीत होती, अंथरूण ओलं करणं सुटलं होतं ते पुन्हा सुरू झालं होतं, फ्रॉक खांद्यावरून उतरत होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हल्ली न्हाणीत मुंग्या का लागतायत?" आम्ही फिनेल टाकलं. ज्यांना दाखवलं त्यांनी लघवीचा संसर्ग म्हणून औषध दिलं. चौथ्या दिवशी ती धापा टाकायला लागली, श्वासाला पिकल्या फळासारखा वास. दवाखान्यात बोट टोचून मीटर लावला तर आकडाच येईना, नुसतं 'हाय', म्हणजे साखर मीटरच्या मोजमापापलीकडे. पुढचे पाच दिवस आयसीयूत गेले.

ती घरी आल्यावर प्रत्येकाने आपापल्या परीने काहीतरी हाती घेतलं. सासरे, म्हणजे नाना, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पोस्टर छापून घेतलं: "सारखी तहान? सारखी लघवी? वजन उतरलं? मूल गळून गेलं? आजच्या आज बोटाची साखर तपासा." स्वारगेट, सासवड, भोर, बारामती, ओळखीच्या प्रत्येक आगारात परवानगी काढून स्वतः चिकटवून आले. सासूबाई दिवाळीत चकलीची भाजणी करून विकतात, गेल्या दिवाळीत ६२ किलो. नवरा आणि त्याचे मित्र १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, पहाटे पर्वतीपासून चालायला निघतात, दर किलोमीटरमागे ओळखीचे लोक वर्गणी देतात. लेक सोसायटीच्या दारात निळ्या वर्तुळाची, म्हणजे मधुमेहाच्या चिन्हाची, रांगोळी काढते.

तीन वर्षांत २,१६,००० रुपये जमले. पावती पुस्तक, वही, सगळं नीट आहे. आता नवरा म्हणतो, हे पैसे संशोधनाला द्यायचे, कारण आजार मुळातून जायला हवा. सासूबाई म्हणतात, ज्या पोरांकडे आज बोट टोचून साखर तपासायला पट्टी नाही त्यांना आधी द्या. दोघेही आपल्या जागी बरोबर वाटतात. तुम्ही काय केलं असतं?

चहाबाज

पट्ट्या. विचारच करायला नको.

सह्यवेडा

आधी नानांना साष्टांग नमस्कार. एसटी स्टँडवर माणूस अर्धा तास गाडीची वाट बघत बसतो, समोरचं पोस्टर दहा वेळा वाचतो. यापेक्षा चांगली जागा नाही.

प्रश्नाचं म्हणाल तर मी नवऱ्याच्या बाजूने. पट्ट्या वर्षभरात संपतील, पुढे काय?

मावशी_सांगली

अगं बाळा, मुंग्यांचं वाचून काटा आला अंगावर. आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, लघवीला मुंग्या लागल्या की 'गोड लघवीचा रोग'. पण तो म्हाताऱ्यांना होतो असंच ऐकलेलं. लहान लेकरांना होतो हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, शेजारच्या मुलाला झाला तेव्हा. लेक कशी आहे आता?

कुंदकळी

@मावशी, छान आहे. चौथीत आहे. वर्गात कुणी विचारलं की ऐटीत सांगते, "मला टाइप १ आहे, म्हणजे पहिला नंबर." पुरणपोळीसाठी किती युनिट घ्यायची याचा तिचा अंदाज कधीकधी माझ्यापेक्षा बरोबर येतो.

रेवा७

माफ करा, पण मला फरक नीट कळत नाही. माझ्या वडिलांना गोळ्या चालू आहेत, साखर सोडली, चालणं वाढवलं आणि आटोक्यात आहे. मुलांनाही पथ्याने आणि कारल्याच्या रसाने जमणार नाही का?

डॉ_निमशहरी

रेवा, विचारलंस ते बरं केलंस, कारण याच गैरसमजात मुलं दगावतात.

तुझ्या वडिलांचा टाइप २. त्यात शरीर इन्सुलिन बनवतं, पण ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते. इन्सुलिन बनतच नाही. गोड खाल्ल्यामुळे होत नाही, आईच्या लाडामुळे होत नाही, पथ्याने परतत नाही. इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं, रोज, दिवसातून चार-पाच वेळा. कुणाच्या सांगण्यावरून ते बंद केलं तर काही दिवसांत रक्तात आम्ल साचतं आणि मूल बेशुद्ध पडतं. मी तालुक्याच्या गावात बालरोगतज्ज्ञ आहे. 'पोटात दुखतंय, उलट्या होतायत' म्हणून आणलेली आणि प्रत्यक्षात या अवस्थेत असलेली मुलं पाहिली आहेत. म्हणून नानांच्या पोस्टरची किंमत मला पैशात करता येत नाही.

इन्सुलिनवाला

मी १९८७ पासून टाइप १. तेव्हा नऊ वर्षांचा होतो. काचेची सिरिंज रोज सकाळी पातेल्यात उकळायची, सुई बोथट झाली की आई दगडावर घासायची. रक्त तपासायचं यंत्र घरात नव्हतं. परीक्षानळीत बेनेडिक्टचं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्टोव्हवर धरायचं. निळं राहिलं तर साखर नाही, मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं की आईचा चेहरा पडायचा. तो रंगही काही तासांपूर्वीची साखर सांगायचा, आत्ताची नाही.

आज मी ज्या पेनने इन्सुलिन घेतो, दंडावर साखर मोजणारा जो सेन्सर लावतो, ते सगळं कुणीतरी संशोधनाला पैसे दिले म्हणून आलं. पण त्याच वेळी हेही खरं की आईला तेव्हा कुणी वर्षभराच्या सुया दिल्या असत्या तर तिने त्याला देव मानलं असतं. त्यामुळे माझं मत अजून ठरत नाही.

बॉस्टनकर

संशोधनाच्या बाजूने थोडं सविस्तर लिहितो. माझा भाचा इथे टाइप १ आहे आणि आम्ही दरवर्षी कुटुंबासकट चालायच्या कार्यक्रमात भाग घेतो.

अमेरिकेत या आजारावरच्या संशोधनाला पैसे देणारी मोठी संस्था १९७० साली अशाच आईबापांनी सुरू केली. आधी जेडीआरएफ म्हणायचे, २०२४ पासून ब्रेकथ्रू टी१डी. तिच्या पैशाने जे झालं त्यातलं एक उदाहरण म्हणजे टेप्लिझुमॅब हे औषध. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडं (बीटा पेशींवर हल्ला सुरू झाल्याची खूण) सापडली आहेत, साखर थोडी बिघडू लागली आहे, पण आजार पूर्ण उघड झालेला नाही, अशांमध्ये ते आजार काही काळ पुढे ढकलतं. चाचणीत साधारण दोन वर्षं. दोन वर्षं म्हणजे फार नाही असं कुणी म्हणेल, पण सहा वर्षांच्या मुलीऐवजी आठ वर्षांच्या मुलीला सुई टोचणं काय असतं ते कुंदकळीताईंना विचारा.

दुसरं उदाहरण डग्लस मेल्टन. हार्वर्डमध्ये बेडकांच्या वाढीचा अभ्यास करायचे. १९९१ मध्ये त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला, सॅमला, टाइप १ निघाला. पुढे मुलीला, एमालाही. माणसाने चालू विषय सोडला आणि मूलपेशींपासून (स्टेम सेल) बीटा पेशी बनवायच्या मागे लागला. २०१४ मध्ये त्या प्रयोगशाळेत मोठ्या संख्येने बनवून दाखवल्या. कंपनी काढली तिचं नाव सेमा, सॅम आणि एमा मिळून. ती पुढे व्हर्टेक्स या औषध कंपनीने घेतली. २०२५ मध्ये त्यांनी जे निकाल छापले त्यात पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. अट एवढीच की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात, म्हणून लहान मुलांना सध्या देता येत नाही.

आणि बॉस्टन विद्यापीठातले एड डॅमियानो. मुलगा अकरा महिन्यांचा असताना निदान झालं. ते रात्र रात्र जागून त्याची साखर बघायचे, त्यातून त्यांनी आपोआप इन्सुलिन देणारं यंत्र बनवायला घेतलं. २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. हे सगळे बापच आहेत.

चहाबाज

सगळं पटलं. पण तिथे कोट्यवधी डॉलर लागतात. त्यात आपले दोन लाख म्हणजे समुद्रात पसाभर पाणी. तेच सांगलीत किंवा नंदुरबारात दिले तर दिसतात.

सीए_काका

कुंदकळीताई, देण्याआधी थोडं हिशोबाचं ऐका. रागावू नका.

एक, पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यात जमा केले असतील तर ते नीट नाही. नात्यात नसलेल्या लोकांकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांच्या वर मिळालेली रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. दोन, देणगीदारांना कराची सवलत मिळत नाही, कारण तुमचं पावती पुस्तक म्हणजे ८० जी ची पावती नव्हे. यापुढे लोकांना थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पैसे भरायला सांगा, पावती तिथून मिळेल. रोख देणार असतील तर २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला सवलत नाही. आणि नवीन करप्रणाली निवडलेल्यांना ही सवलत नाहीच.

तीन, बॉस्टनकरांसारखे परदेशी मित्र पैसे पाठवायला तयार असतील, पण ते तिकडचे नागरिक असतील तर इकडच्या संस्थेला परदेशी देणगीची परवानगी लागते. ती नसताना एक पैसा घेऊ नका.

हे सांगताना वाईट वाटतं, कारण काम इतकं मनापासूनचं आहे. पण उद्या कुणी बोट दाखवू नये.

कुंदकळी

काका, रागावण्यासारखं काहीच नाही, उलट आभार. वेगळं बचत खातं काढलंय पण ते नवऱ्याच्याच नावावर आहे. पहिल्या वर्षी अठरा हजार जमले होते, तेव्हा एवढं वाढेल असं वाटलंच नव्हतं. या आठवड्यात कागद घेऊन बसते.

पणजीकर

आमच्याकडे चतुर्थीच्या आरतीनंतर एका काकांनी टाइप १ बद्दल चार वाक्यं बोलायला सुरुवात केली. भाषण नाही, चारच वाक्यं. नंतर तीन आया पुढे येऊन म्हणाल्या, आमच्याही लेकराला आहे, कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं कारण? मुलगी आहे, लग्नाचं कसं होणार. निधी कुणालाही द्या, पण तुमची लेक दारात रांगोळी काढते ना, ते थांबवू नका.

इन्सुलिनवाला

@पणजीकर, अगदी. मी कॉलेजात चार वर्षं संडासात जाऊन इन्सुलिन घेतलं, कपड्यांवरूनच. आता मंडपात जेवणाच्या पंगतीत बसून पोटाला पेन लावतो. कुणी विचारलं तर सांगतो.

शाळांबद्दलही बोलायला हवं. २०१७ मध्ये सीबीएसईने परिपत्रक काढून टाइप १ असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत, साखर उतरली तर लागतात म्हणून, साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ, पाण्याची बाटली नेऊ द्यायला सांगितलं. ते कुणी आपणहून दिलेलं नाही, पालकांनी मागून मागून मिळालं.

लाटकर

माझ्या पुतण्याच्या शाळेत बाईंनी त्याचं मीटर 'खेळणं' म्हणून काढून घेतलं होतं. साखर ५४ पर्यंत खाली घसरली, पोरगा बाकावर थरथरत होता आणि त्यांना वाटलं गृहपाठ केला नाही म्हणून घाबरलाय. मित्राने स्वतःच्या डब्यातली जिलेबी भरवली म्हणून वाचला. शाळेचं नाव लिहीत नाही, नंतर त्या बाई स्वतः घरी येऊन रडल्या. कुणी कधी सांगितलंच नव्हतं त्यांना.

बॉस्टनकर

चहाबाज, पसाभर पाण्याबद्दल. इन्सुलिनचा शोधसुद्धा फार मोठ्या खर्चातून लागलेला नाही. १९२१ चा उन्हाळा, टोरांटोतली उसनी घेतलेली प्रयोगशाळा, बँटिंग आणि त्याचा विद्यार्थी मदतनीस बेस्ट. मॅक्लाउडने जागा दिली, कॉलिपने अर्क शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला पहिलं इंजेक्शन. आणि पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन म्हणजे त्या बँटिंगचा वाढदिवस. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो, हे मला फार जवळचं वाटतं.

चहाबाज

एका डॉलरला दिलं, आणि शंभर वर्षांनी आपल्या खेड्यातली आई एका कुपीसाठी तालुक्याला दोन फेऱ्या मारते. तुमचाच दाखला माझ्या बाजूने येतोय, बॉस्टनकर. शोध लागणं आणि पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बॉस्टनकर

हे मात्र मान्य.

सह्यवेडा

संशोधन म्हणजे परदेशच का धरताय सगळे? पुण्यातच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्याही आतली, पण त्या मानाने अंगात चरबी इंग्लंडच्या बाळांपेक्षा जास्त. वजनकाटे, टेप आणि वर्षानुवर्षं त्याच घरी पुन्हा जाणाऱ्या बायका, यांच्या जोरावर जगाला कळलं की भारतीय माणूस बारीक दिसूनही मधुमेही का होतो.

डॉ_निमशहरी

सह्यवेडा, काम मोठंच आहे, पण ते टाइप २ बद्दल. देशात १० कोटींच्या वर मधुमेही आहेत असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अभ्यासात २०२३ मध्ये आलं, त्यातले बहुतेक सगळे टाइप २. त्या गर्दीत ही लेकरं दिसेनाशी होतात. आयसीएमआरने २००६ मध्ये तरुणांच्या मधुमेहाची नोंदवही सुरू केली ती त्यासाठीच. तिथे पैशापेक्षा नोंदी लागतात.

आता पट्ट्यांचा हिशोब मांडतो. मुलाला दिवसाला निदान पाच वेळा तपासायचं, पट्टी २० रुपये धरली तर महिन्याला ३,०००, वर्षाला ३६,०००. तुमच्या रकमेत सहा मुलांचं एक वर्ष निघतं. पण माझी विनंती ऐका: सहा मुलांना एक वर्ष देऊ नका. वर्षभर पट्ट्या मिळाल्या की घराला त्या आकड्यांची सवय लागते, आई त्यावरून डोस ठरवायला शिकते. मग एक दिवस पट्ट्या बंद होतात आणि ती पुन्हा अंदाजाने सुई टोचते. हे मी पाहिलं आहे. दोनच मुलं घ्या, पण तीन वर्षं घ्या.

इन्सुलिनवाला

+१. आणि वस्तू देणार असाल तर सिरिंजकडे लक्ष द्या. आपल्याकडच्या स्वस्त कुप्या बहुतेक दर मिलीलीटरला ४० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनातलं आणि अमेरिकेतलं इन्सुलिन १०० युनिटचं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. परदेशातून कुणी प्रेमाने सिरिंजचा खोका पाठवला आणि गावात ४० च्या कुपीला वापरला तर डोस निम्म्याहून कमी जातो. उलट झालं तर अडीचपट.

फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात कुपी. माझ्या आजोळी अशीच ठेवायचो.

मावशी_सांगली

मडक्याचं नीट लिहून ठेवते. आमच्या शेजारच्या मुलाचं इन्सुलिन ते लोक किराणावाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवतात, दुकान बंद असलं की पंचाईत.

रेवा७

मी वर कारल्याचं लिहिलं होतं, त्याची लाज वाटतेय. आज आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर 'इन्सुलिन कायमचं बंद' अशी जाहिरात आली, तेव्हा डॉक्टरांनी इथे लिहिलेलं सगळं तिथे टाकलं.

डॉ_निमशहरी

लाज कसली. आज एका गटावर ते पोचलं, ते तुझ्यामुळे.

कुंदकळी

काल रात्री हा सगळा धागा घरी मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंनी दोन मुलं, तीन वर्षं ऐकलं आणि लगेच मान डोलावली. नवरा मात्र गप्प होता. सगळे झोपल्यावर म्हणाला, "मी संशोधन संशोधन करतो ते धाकट्यासाठी."

इथे लिहिलं नव्हतं. आमचा धाकटा चार वर्षांचा आहे. भावंडाला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललोच नाही. पण उन्हाळ्यात धाकट्याने दोनदा पाणी मागितलं की नवरा मीटर घेऊन उभा राहायचा, ते मी पाहत होते. बॉस्टनकर, टेप्लिझुमॅबबद्दलचा तुमचा परिच्छेद त्याने तीनदा वाचला. आता धाकट्याच्या प्रतिपिंडांची तपासणी करायची की नाही, हे आमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू. भीती वाटतेच.

पैशाचं असं ठरवलं. जमलेले २,१६,००० पट्ट्यांना, एका रुग्णालयाच्या टाइप १ च्या बाह्यरुग्ण विभागामार्फत, दोन मुलांसाठी तीन वर्षं. भाजणी घेणाऱ्यांनी 'मुलांसाठी' म्हणून पैसे दिले होते, ते मुलांनाच जावेत. सीए काका, तुम्ही म्हणालात तसे कागद आधी करू. या वर्षीच्या चालण्याचे पैसे संशोधनाला, पण आमच्या हातात न घेता, लोक थेट संस्थेला देतील. नोंदवहीत लेकीची नोंद होऊ शकते का तेही विचारणार आहे. पोस्टरचा खर्च नाना पेन्शनमधून करतात, त्यात कुणाला हात घालू देत नाहीत.

नानांचा एक निरोप आहे. पुणे जिल्ह्यातली आगारं झाली. पुढे सातारा, कराडला स्वतः जातील, पण गुडघे दुखतात. त्यापलीकडे कुणी चिकटवायला तयार असेल तर पोस्टर पोस्टाने पाठवतील. परवानगीच्या अर्जाचा नमुनाही सोबत देतील.

सह्यवेडा

कराड माझ्याकडे. दर महिन्याला जातो.

लाटकर

मला शाळेसाठी पाहिजेत. त्याच शाळेत, त्या बाईंच्याच वर्गात लावायचंय. त्या स्वतः मागतायत.

मावशी_सांगली

पंचवीस पाठव गं. सांगली, मिरज मी बघते, इस्लामपूरला माझा भाऊ स्टँडसमोरच राहतो, तो लावेल. आणि नानांना सांग, खळ घरी करून घेते, डिंकाचा खर्च नको.